उत्तरापुरती जागा

ड्रोन नको, मागे गाणं नको, नवरा-नवरी हातात हात घालून समुद्रावरून चालताहेत असलं काही नको, आणि व्हिडिओ काढायचा तो अब्बांनी. निदाने हे सगळं एका दमात सांगितलं आणि समोरचं सांदण खिरीत बुडवून खायला सुरुवात केली.

जुम्म्याची नमाज होऊन घरातले सगळे नुकतेच जेवले होते. दिघीच्या त्या घराच्या पडवीत इतकी माणसं एका वेळी बसली की कुणीतरी कुणावर तरी रुसून उठायचंच, हा गेल्या चाळीस वर्षांचा शिरस्ता. आज कुणी उठलं नाही. रुसायला निदान समोरचा काय म्हणतोय ते तरी कळावं लागतं.

इसहाकने बायकोकडे बघितलं. रहिमुन्निसाने मुलाकडे, मुसअबने स्वतःच्या बायकोकडे, मंतशाने सासऱ्यांकडे. नजर अशी सगळी पडवी फिरून परत इसहाकपाशी आली. त्याने उगाच पाण्याचा तांब्या उचलून दुसरीकडे ठेवला.

"अब्बांनी म्हंजे?" मुसअबने विचारलं. "अब्बांनी सांगायचं आणि गणराजने काढायचा, असंच ना?"

"नाय भाई. कॅमेरा अब्बांच्या हातात."

"कुठले अब्बा?" रहिमुन्निसा म्हणाली.

"आपल्या घरात एकच हाईत ना, अम्मी?"

रहिमुन्निसाने नवऱ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की जणू त्यानेच हे पोरीच्या डोक्यात भरवलं असावं. इसहाकने मान हलवली. त्याची शपथ घ्यायचीही तयारी होती, पण शपथ नेमकी कशाबद्दल घ्यायची हे त्याला सांगता आलं नसतं.

पडवीच्या कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन गणराज बसला होता. बिचारा रेवदंड्याहून मोटरसायकल घेऊन निघाला होता आणि आगरदांड्याला फेरीबोटीत चढून पलीकडून इथे आला होता. त्याला या घरातल्या दोघांचे फोन गेले होते. मुसअबने पनवेलहून फोन करून सांगितलं होतं की बहिणीचं लग्न आहे, जे जे चांगलं असेल ते सगळं घेऊन ये. निदाने फोन करून विचारलं होतं की जुन्या हँडीकॅमची बारकी कॅसेट तुझ्याकडे कुठे पडली आहे का. गणराजला वाटलं, ही दिघीतल्या दोन वेगळ्या घरांची कामं. म्हणून त्याने एका पिशवीत ड्रोन आणला होता आणि दुसऱ्या पिशवीत पाच कोऱ्या कॅसेटी, आणि आता कुठली पिशवी उघडावी ते त्याला कळत नव्हतं.

"मी आधी सँपल दाखवू का?" तो म्हणाला. "बघून मग ठरवा. घाई नाय."

घाई नव्हती असं नाही. निकाहाला बावीस दिवस राहिले होते आणि मुसअब संध्याकाळच्या फेरीने परत जाणार होता. त्याचे ट्रेलर आणि त्याचे ड्रायव्हर त्याच्याशिवाय एक दिवस नीट चालत नसत.

लॅपटॉपवर चौलकडचं कुठलंसं जोडपं उगवलं. मुलगी लाल लेहंगा उचलून पाण्यातून पळत होती, मुलगा मागून पळत होता, आणि दोघंही इतकी हळू पळत होती की रहिमुन्निसाला काळजी वाटली.

"ही पोरगी पान्यात का उतरलीय?"

"स्लो मोशन हाय, चाची."

"पण उतरलीय कशाला? लेहंगा वाळणार कसा तो?"

मग वरून खाडी दिसली, बोटी दिसल्या, माडांची डोकी दिसली. मंतशाच्या तोंडून "मस्त" असं निघून गेलं आणि तिने लगेच निदाकडे बघून ओठ मिटले. नणंदेच्या बाजूने राहायचं तिने सकाळीच कबूल केलं होतं.

"हे असं पायजे," मुसअब म्हणाला. "वरून घर दाखवायचं, मग मांडव, मग अब्बा दारात उभे, पाव्हन्यांचं स्वागत करतात. सगळ्यांना कळलं पायजे इसहाक दळवींच्या घरचं लग्न हाय म्हणून."

अब्बा दारात उभे. इसहाकला ते चित्र एकदम लख्ख दिसलं आणि तो सरळ होऊन बसला.

कारण त्याच्या कपाटात एक सूट होता. कॉफीच्या रंगाचा, दोह्याच्या एका शिंप्याकडून मापं देऊन शिवलेला. थोरल्या जैनबचं लग्न ठरलं तेव्हा त्याने तो शिवून घेतला होता. सूट तयार झाला, रजा मंजूर झाली, आणि जायच्या आठ दिवस आधी दुसरा एक फोरमन आजारी पडला म्हणून रजा रद्द झाली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. सूट इसहाकच्या कपाटात राहिला. जैनबच्या निकाहाला वली म्हणून, बापाच्या जागी, त्याचा धाकटा भाऊ बसला आणि दारात पाहुण्यांना सलाम करायला सतरा वर्षांचा मुसअब उभा राहिला. इसहाकने हे सगळं पाच आठवड्यांनी बघितलं, खोलीतल्या सहा जणांबरोबर, व्हीसीआरवर. मुसअबच्या स्वतःच्या लग्नाला तो पोचला तो वलीम्याची दावत झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हा मांडव सोडायचं काम चाललं होतं.

तेहेतीस वर्षं तिकडे काढून तो घरी आला त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. आता एकच लग्न उरलं होतं. ते बघायला तो इथे होता, वली म्हणून बसणार होता, आणि त्याची एकच इच्छा होती, जी त्याने लाजेपोटी कुणाला सांगितली नव्हती. निदाच्या लग्नाची फिल्म उद्या कुणीही लावली, तर तिच्यात पोरीशेजारी उभा असलेला बाप दिसायला हवा. कॉफी कलरच्या सुटातला. सूट पोटाशी घट्ट होत होता, पण श्वास जरा आत घेतला की बटण लागत होतं. गेले दोन महिने तो कपाटाचं दार लावून ते करून बघत असे.

आणि आता पोरगी म्हणत होती, अब्बा कॅमेऱ्याच्या मागे.

"निदा," मुसअबने आवाज मऊ केला. त्याने आवाज मऊ केला की ड्रायव्हर लोक घाबरत. "मला नीट सांग. कॅमेरा अब्बांच्या हातात, म्हणजे अब्बा फिल्ममध्ये नाय."

"नाय."

"आणि तू?"

"मी आणि अफान थोडेसे. सगळ्यांसारखे एकदा येऊन सलाम करून जाऊ. बाकी सगळे पाव्हने. एकेकाने कॅमेऱ्यासमोर यायचं, सलाम करायचा, काय बोलायचं ते बोलायचं. अब्बांना तिकडे पाठवायच्या जुन्या कॅसेटीत असायचं ना, तसं."

"म्हंजे लग्नाच्या फिल्ममध्ये लग्नच नाय," मुसअब म्हणाला. "अफान, तुला हे चालतं?"

अफान पायरीवर बसला होता. मंगनी झालेला जावई घरात येऊन बसतो याची रहिमुन्निसाला अजून सवय झाली नव्हती, त्यामुळे तिने त्याला आत बोलावलंही नव्हतं आणि त्याच्यासाठी तीन वेळा खीर मात्र पाठवली होती. तो मुरुडचा, आगरदांड्याच्या जेट्टीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दिवसभर इंजिनांच्या आवाजात राहून त्याने स्वतः बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

"चालतं," तो म्हणाला. मग सगळे अजून बघताहेत हे पाहून त्याने आणखी थोडे शब्द खर्च केले. "आमच्याकडे पण तसंच होतं. माझे वालिद दम्मामला होते. मला कॅमेऱ्यासमोर उभं करून पाढे म्हणायला लावायचे. सतराच्या पाढ्याला मी दर वेळी रडायचो."

"मला पैगंबरांच्या तारीफचं गाणं, नात, म्हणायला लावायचे," निदा म्हणाली. "झालरीचा फ्रॉक घालून. बघायला आले होते तेव्हा हा एक शब्द बोलत नव्हता. मीच म्हटलं, तुमच्याकडे कॅसेटी असायच्या का? तर हा एकदम बोलायला लागला. आम्ही दोघं दुसरं काय सारखे नाय, भाई. पण तेवढ्यात सारखे हाव. मग आमच्या लग्नाचा व्हिडिओ आमच्यासारखा नको?"

"सगळे असतात तसा का नको, ते सांग की!"

"कारण मला पान्यातून पळायचं नाय!"

"अगं पळू नको! उभी राहा! उभी राहायला काय हाय?"

रहिमुन्निसाने इथे मुलाची बाजू घेतली. तिचं म्हणणं एवढंच की लोक काय म्हणतील. श्रीवर्धनवरून जैनबच्या सासरची माणसं येणार, आणि घरच्या कर्त्या माणसाच्या हातात कॅमेरा बघून त्यांना वाटेल की यांना फोटोवाला परवडला नाही. मंतशाने निदाची बाजू घेतली, पण तिने ती अशी घेतली की ड्रोन दुपारी उडवावा आणि कॅमेरा रात्री अब्बांकडे द्यावा. त्यावर निदा तिच्यावरच चिडली. गणराजने दोन्ही पिशव्या आपल्याजवळ ओढून घेतल्या.

"अब्बांना विचारा ना," शेवटी मंतशा म्हणाली. "अब्बा, तुमाला काय वाटतं?"

इसहाकला काय वाटत होतं? त्याला एकाच वेळी चार गोष्टी वाटत होत्या. पोरीने आपल्याला मान दिलाय असं वाटत होतं. पोरीने आपल्याला बाजूला काढलंय असंही वाटत होतं. मुसअब बरोबर बोलतोय असं वाटत होतं, आणि तो बोलताना निदाचा चेहरा पडतो तेव्हा मुसअबला दोन शब्द सुनावावेत असंही वाटत होतं. या सगळ्यातून त्याच्या तोंडातून बाहेर आलं ते भलतंच.

"मग माझा सूट?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली.

"कुठला सूट?" रहिमुन्निसा म्हणाली.

"कॉफी कलरचा."

"तो? तो अजून हाय?"

मुसअब मात्र उठून पडवीच्या कठड्यापाशी गेला आणि खाली खाडीकडे तोंड करून उभा राहिला. फेरीबोट पलीकडे निघाली होती. बोलला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"मी सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "चाचांचा शर्ट घालून दारात उभा केला मला. येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, अब्बा नाय आले? मी म्हणत होतो, रजा नाय मिळाली. दीडशे वेळा बोललो असेन. त्या कॅसेटीत बघा, मी कुठेपण हसत नाय. म्हणून मी ड्रोन मागवला, निदा. मला शौक नाय त्याचा. या वेळी दारात अब्बा दिसले पायजेत, एवढंच मला पायजे. आणि तू त्यांनाच कॅमेऱ्यामागे उभं करतेस."

आपला मुलगा ट्रेलर आणि डिझेल सोडून कशाबद्दल इतकं सलग बोलू शकतो हे इसहाकला माहीत नव्हतं. ज्या पोराला आपण हट्टी समजत होतो ते आपल्याच मनातलं मागत होतं, आणि आपण त्याला हो म्हटलं तर ही दुसरी दुखावणार होती.

निदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने ते ओढणीने पुसलं आणि बशी खाली ठेवली.

"भाई, तुला ते दारात नव्हते त्याचं वाईट वाटतं. तू त्यांना ओळखत तरी होतास. मला सगळे कॅमेऱ्याकडे बोट दाखवून सांगायचे, अब्बांना सलाम कर. मला वाटायचं अब्बा त्याच्या आतच राहतात. रजेवर आले की मी पलंगाखाली लपायची आणि अम्मीला विचारायची, हे आत परत कधी जाणार? आठवतं का, अम्मी?"

रहिमुन्निसाला आठवत होतं. इसहाकला हे आज पहिल्यांदाच कळत होतं. ती लपायची हे त्याला माहीत होतं, पण का लपायची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आख्खं बालपण मी त्या काचेला सलाम केला," निदा म्हणाली. "लग्नात एकदा तरी मला ती काच पायजे, आणि मागे खरंच अब्बा पायजेत. मला दुसरा काय व्हिडिओ नको. नायतर काढूच नका."

आता मामला असा झाला की दोघंही बापासाठीच भांडत होती आणि बाप मधोमध बसला होता. त्याला पुढे उभं करायचं की मागे, एवढाच वाद. इसहाकला वाटलं, आपण दोन्हीकडे एकदम उभं राहू शकलो असतो तर बरं झालं असतं. पण ते तेहेतीस वर्षांत जमलं नव्हतं, आता तीन आठवड्यांत कुठून जमणार?

"कॅमेरा चालतोय का ते तरी बघा," गणराज हळूच म्हणाला. भांडणात तिऱ्हाईताने बसायचं कसं हा त्याचा प्रश्न होता. "चालतच नसंल तर विषयच मिटला."

अफानने पायरीवरून एक प्लास्टिकची पिशवी पुढे सरकवली. आत तो हँडीकॅम होता. इसहाकने दोन हजार चारच्या रजेत तो स्वतः आणला होता, भाड्याचा कॅमेरावाला नेहमी वेळेवर येत नाही म्हणून. नंतर फोनवर चेहरे दिसायला लागले आणि कॅमेरा माळ्यावर गेला. निदाने तो काढून अफानला दिला होता. अफानने त्याची मोटर साफ केली, पट्टा बदलला आणि दोन रात्री त्याचा आवाज ऐकत बसून तो मार्गी लावला होता.

"बॅटरी नाय धरत," अफान म्हणाला. "वायर लावूनच चालंल."

"म्हंजे वायर जिथपर्यंत, लग्न तिथपर्यंत," मुसअब म्हणाला. पण तो कठड्यापासून परत येऊन बसला होता.

पंख्याच्या बोर्डातून वायर ओढली गेली. गणराजने कॅसेट घातली. कॅमेऱ्याने घशातल्या घशात आवाज केला आणि लाल दिवा लागला. अफानने कॅमेरा सासऱ्यांच्या हातात दिला आणि त्यांचं बोट योग्य बटणावर नेऊन ठेवलं.

इसहाकने तो डोळ्याला लावला आणि त्याच्या लक्षात आलं की हा कॅमेरा आपण विकत घेतला, विमानातून मांडीवर ठेवून आणला, आणि याच्यातून आपण कधीच बघितलं नाही. आणून दिला आणि पंधराव्या दिवशी परत गेलो. आतमध्ये पडवी लहान दिसत होती. जमिनीवरच्या फरशा दिसल्या, मंतशाचे पाय दिसले, खिरीचं भांडं दिसलं.

"माणूस पायजे समोर," गणराज म्हणाला. "चाची, तुमी उभ्या राहा जरा."

"मी? मला कशाला? माझी ओढणी बघा कसली हाय!"

"टेस्ट हाय, चाची. पुसून टाकणार नंतर."

कुरकुर करत रहिमुन्निसा उठली. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, ओढणी कपाळापर्यंत घेतली. आणि मग जे झालं त्याची कुणी तिला सूचना दिली नव्हती. तिचे दोन्ही हात सरळ खाली गेले, पाय जुळले, हनुवटी वर आली. गेली पंधरा-सोळा वर्षं ती या काचेसमोर उभी राहिली नव्हती, पण अंगाला सगळं पाठ होतं.

"अस्सलामु अलैकुम," ती काचेला म्हणाली. आवाजही बदलला होता, जरा वरचा, लांब पोचवायचा. "आमी सगली हय खुशाल हाव. तुमी कशे हाव?"

आणि ती थांबली.

इसहाकला ते थांबणं माहीत होतं. प्रत्येक कॅसेटीत ते असायचं. बाकीच्या बायका प्रश्न विचारून तसंच पुढे बोलत सुटायच्या. रहिमुन्निसा मात्र विचारून थांबायची. समोरच्याने उत्तर द्यावं इतका वेळ, नेमका तेवढा. मग मान हलवायची, ऐकलं असं दाखवल्यासारखी, आणि पुढचं सांगायला लागायची. हिला कॅमेरा आणि टेलिफोन यांतला फरक कळत नाही, असं म्हणून घरात सगळे हसायचे. तिला तो चांगला कळत होता. पण विचारायचं आणि उत्तराला जागा ठेवायची नाही, हे तिला उद्धटपणाचं वाटायचं.

आणि घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं की तिकडे, दोह्याच्या त्या खोलीत, चार दुमजली पलंगांच्या मधे जमिनीवर बसून, इसहाक त्या थांबण्यात उत्तर द्यायचा. पहिल्यांदा दिलं तेव्हा खोलीतले सगळे हसले. मग कुणी हसेनासं झालं, कारण आपापल्या कॅसेटीच्या वेळी तेही काहीबाही पुटपुटायला लागले. त्याने हे रहिमुन्निसाला कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाने टीव्हीशी बोलायचं म्हणजे काय! प्रत्येक वेळी तो उत्तर द्यायचा, आणि पडद्यावरची रहिमुन्निसा मान हलवायची, आणि तेवढ्यापुरतं त्याला वाटायचं की पोचलं.

आताही ती थांबली होती. नजर काचेवर, हात सरळ. मान हलायची वेळ आलीच होती.

"बरा हाय," इसहाक म्हणाला.

हललेली मान अर्ध्यावर अडकली. रहिमुन्निसाचे डोळे काचेवरून निघाले आणि कॅमेऱ्याच्या वर, जिथे त्याचं पांढरं डोकं होतं तिथे आले.

"तुमी... असाच बोलायचाव काय? तिकडे?"

"दर वेळी," इसहाक म्हणाला. त्याला कॅमेऱ्यातलं काही नीट दिसत नव्हतं. त्याने बाहीने डोळा पुसला आणि तो परत लावला.

निदा भावजयीचा हात धरून बसली होती. चुकीच्या वेळी बोलण्यात गणराजचा हात कुणी धरला नसता.

"चाचा, तुमचा आवाज आला मधे," तो म्हणाला. "रेकॉर्ड झाला. तेवढा कापू काय?"

"हात लावू नको!" मुसअब एवढ्या जोरात म्हणाला की गणराजने कॅसेटींची पिशवी छातीशी धरली. मुसअबने घसा साफ केला. त्याने काही क्षण बापाकडे बघितलं, मग वायरीकडे, मग निदाकडे. "वायर लांब आणू. मांडवाच्या दारापर्यंत गेली पायजे, अब्बा तिथे उभे राहतील. येणारा प्रत्येकजण त्यांनाच सलाम करेल ना? मग करू दे. पण निकाह वाचतील तेव्हा कॅमेरा माझ्या हातात. तेव्हा वली पुढे बसेल, सूट घालून. चालेल, निदा?"

निदाने नुसती मान हलवली, अगदी आईसारखी.

"ड्रोनचं काय मग?" गणराजने विचारलं, आणि स्वतःच ड्रोनची पिशवी मागे सारली.

आपण पुढे आहोत की मागे, हे इसहाकला अजूनही पुरतं कळलं नव्हतं. त्याने कॅमेरा खाली ठेवायला घेतला.

"ठेवताव कशाला?" रहिमुन्निसा भिंतीपासून म्हणाली. ती अजून तिथेच उभी होती. तिने ओढणी पुन्हा सारखी केली, हात सरळ सोडले. "माझं झालं नाय अजून."

त्याने कॅमेरा परत डोळ्याला लावला. पुढचा प्रश्न कुठला असतो ते त्याला माहीत होतं.

"जेवलाव?" तिने विचारलं आणि थांबली. तासाभरापूर्वी तिनेच त्याला वाढलं होतं.

"जेवलो."

आता खरं तर तिने मान हलवून पुढचं सांगायचं. पाऊस किती झाला, कोण आजारी आहे, कुणाकडे पोर झालं. इतक्या वर्षांत तिचा दुसरा प्रश्न त्याच्या उत्तरावर कधीच आला नव्हता. येणार कसा?

"कसा झालेला?" रहिमुन्निसा म्हणाली. "मटनात मीठ जास्त पडला काय?"

लाल दिवा चालू होता. सगळे ऐकत होते.

"थोडा," इसहाक म्हणाला.